ग्रहणाला कोंडलेली मेंढरं

सोनियाला हवा होता मावळता सूर्य, आणि आडवी आली मेंढरं!

त्या वर्षीचं दिवाळीतलं सूर्यग्रहण ऐन मावळतीचं होतं. गारखेड्यातल्या घरून बघायचं म्हटलं तर सूर्य शेजाऱ्यांच्या पाण्याच्या टाकीमागं जाऊन बसणार. म्हणून कॉलेजात फिजिक्स शिकवणारी ही पोरगी मोकळी जागा हुडकायला स्कूटी घेऊन शहराबाहेरच्या सातारा गावच्या डोंगराकडं निघाली आणि खंडोबाच्या देवळापुढच्या कच्च्या रस्त्यावर कळपात अडकली. तिनं हॉर्न वाजवला. एक मेंढरू हललं असेल तर शपथ.

"हॉर्न नका वाजवू मॅडम," मागून कुणीतरी म्हणालं. "त्यांला वाटतंय तुम्ही गाणं म्हणताय."

तिनं वळून बघितलं. खांद्यावर काठी, गळ्यात कंपनीचं ओळखपत्र आणि डोळ्यांत हे एवढं हसू... हा अजिनाथ. वाळूजच्या कारखान्यातली सकाळची पाळी संपवून संध्याकाळी बापाची मेंढरं वळायचा. सोनियानं उगाचच स्कूटीचा आरसा नीट केला.

"रोज याच वेळेला परततात का ही?"

"व्हय. तुमचं घड्याळ लावून घ्या."

झालं, बाईंच्या डोक्यात चाक फिरलं. आकाश बघणाऱ्या गावोगावच्या हौशी मंडळींचा एक गट होता, त्यात तीही होती. ग्रहणात कुणी हवा किती गार झाली ते मोजणार, कुणी पाखरं बघणार. सोनियाचं अजून काही ठरत नव्हतं. उजेड कमी झाला तर मेंढरं लवकर घरी वळतील का... हे कुणी बघितलंय?

"ग्रहणाला कळप बाहेर असेल ना?" तिनं विचारलं.

अजिनाथनं काठीनं उगाचच एक मेंढरू हाकललं. "असंल की."

"मग आधी त्यांची रोजची सवय बघावी लागेल. नाहीतर फरक कसा कळणार? मला रोज यावं लागेल."

"लई वाईट झालं," तो म्हणाला, आणि गालातल्या गालात हसला.

मग काय, रोज संध्याकाळी स्कूटी साताऱ्याला. बघायची असायची मेंढरं, पण नजर आपली भलतीकडंच. एकदा तिनं ग्रहणाचा चष्मा काढून त्याला दिला.

"आधी खाली बघून घालायचा, मग वर बघायचं. काढतानाही मान खाली. आणि एवढासा जरी ओरखडा असला ना, तर सरळ फेकून द्यायचा. डोळा भाजतो आणि दुखतसुद्धा नाही, म्हणून कळत नाही."

त्यानं चष्मा घातला आणि सूर्य सोडून तिच्याकडंच तोंड केलं.

"काहीच दिसंना."

"यातून फक्त सूर्य दिसतो."

"मग तुम्ही दिसायला पाहिजे होत्या..."

सोनियानं चष्मा त्याच्या नाकावरून ओढून घेतला. वर्गात चाळीस पोरांना गप्प करणारी बाई घरी जाताना सगळ्या वाटेनं एकटीच हसत होती.

ग्रहणाचा दिवस उजाडला. ती दुपारीच अजिनाथच्या घरी पोचली, आणि बघते तर मेंढरांच्या वाडग्याला काट्यांचं फाटक लागलेलं, कळप सगळा आत. अजिनाथचे वडील मुंजाबा गाभण मेंढ्यांच्या पोटाला गेरू लावत होते. आई म्हाळसाबाई पाण्याच्या हंड्यात दर्भ टाकत होती.

"गिराणात जनावर बाहेर काढत नसतेत पोरी," मुंजाबा म्हणाले. "आजवर कधी काढलं नाय."

सोनियानं अजिनाथला बाजूला घेतलं. "तुम्हाला हे माहीत होतं?"

"...व्हय."

"मग त्या दिवशीच का नाही सांगितलं?"

"सांगितलं असतं तर तुम्ही दुसरा कळप बघितला असता."

तिला राग आला, आणि रागाच्या पोटात काहीतरी गोडही वाटलं, त्याचा आणखी राग आला. "इतक्या दिवसांची मेहनत पाण्यात! गटाला काय सांगू मी?"

ती स्कूटीकडं वळली. आता गेली तर परत येणार नाही, हे त्याला कळलं. तो तडक बापापुढं जाऊन उभा राहिला.

"बाबा, मी शब्द दिलाय. कळप सोडायचा म्हणून."

"मला न इचारता?"

"व्हय."

"कशापायी?"

अजिनाथनं एकदा सोनियाकडं बघितलं. "ती रोज येत होती म्हणून."

सोनियाचे कान लाल झाले. म्हाळसाबाईनं पदर तोंडाला लावला. मुंजाबांनी गेरूचा हात धोतराला पुसला, पोराकडं बघितलं, पोरीकडं बघितलं...

"गाभण्या आतच राहतील," ते म्हणाले. "बाकीची सोड. तुझ्या जिवावर."

उन्हं कलली आणि सूर्याचा एक घास गेला. सोनिया चष्म्यातून बघायची, खाली मान घालून चष्मा काढायची आणि मेंढरांवर डोळा ठेवायची. मुंजाबा मात्र सूर्याकडं पाठ करून बसले होते. त्यांच्या मागं तिनं म्हाळसाबाईची चाळणी धरली. पांढऱ्या सदऱ्यावर भोकाभोकातून सूर्याचे ठिपके पडले, आणि एकूण एक ठिपका उंदरानं कुरतडलेल्या भाकरीसारखा!

"अवं, तुमच्या पाठीवर गिराण लागलंय," म्हाळसाबाई हसत सुटली. मुंजाबांना स्वतःची पाठ दिसेना. शेवटी त्यांनीच चाळणी हिसकावून घेतली आणि पोराच्या पाठीवर धरून बघत बसले, लहान पोरासारखे.

मेंढरं? ती चरत राहिली, आणि रोजच्याच वेळेला, रोजच्याच वाटेनं घरी आली.

"फरक नाय पडला," अजिनाथ हिरमुसून म्हणाला.

"नाही पडला, हेसुद्धा कळवायचं असतं. तीही नोंदच," सोनिया म्हणाली. सूर्य तसाच कुरतडलेला डोंगराआड गेला होता. तिनं सामान पिशवीत भरलं, सावकाश, जरा जास्तच सावकाश.

"मग... संपलं तुमचं काम?"

"संपलं."

स्कूटी सुरू झाली, तसा तो आरशाला हात लावून उभा राहिला.

"उद्या पाडवा. आमच्यात मेंढरांला ओवाळतेत. या की."

"आमच्यात बायका नवऱ्याला ओवाळतात."

"आमच्यातबी. पण आधी मेंढरं."

सोनियानं हेल्मेटची काच घाईनं खाली ओढली. "मग मी कुणाला ओवाळायचं?"

"यंदा," अजिनाथ म्हणाला, "मेंढरांलाच."