रोजच्या वापराचा

ऐन लग्नसराईत माझा काँप्युटर मेला. तोही कुठं? एका पत्रिकेत 'चि. सौ. कां.' पर्यंत येऊन! नवरीचं नाव टाकायचं तेवढं राहिलं आणि स्क्रीन काळा ठिक्कर. इंदापुरात माझं लग्नपत्रिकांचं दुकान आहे. अर्ध्या तालुक्याची लग्नं मी जमवली नसतील, पण छापली जरूर आहेत. त्या दिवशी मात्र मला असं रडू फुटलं की सांगू नका.

डोळे पुसून तडक बारामती गाठली. काँप्युटरच्या दुकानात काउंटरवर पर्स आपटली आणि म्हणलं, "गेमबिम खेळायचे नाहीत. मराठी टायपिंग, पत्रिका, थोडे फोटो. रोजच्या वापराचा प्रोसेसर द्या, पण दमाचा द्या."

दुकानदारानं एक खोकं पुढं केलं. तेवढ्यात शेजारून आवाज आला —

"ते नका घेऊ. नावाच्या शेवटी एफ आहे."

"मग?"

"एफवाल्याला स्वतःचं ग्राफिक्स नसतं. वेगळं कार्ड घातलं नाही, तर स्क्रीनवर नुसता अंधार."

"तुम्हाला कुणी विचारलं?" मी फणकारले.

"कुणीच नाही..." म्हणाला आणि हसला. मेल्यानं हसायलाच नको होतं. गालावर खळी पडली आणि मी काय विकत घ्यायला आले होते तेच विसरले.

ऋषिराज त्याचं नाव. माळेगावचा. साखर कारखान्याच्या वजनकाट्यावरचे काँप्युटर बघतो. उंदरांनी वायर कुरतडली म्हणून नवी न्यायला आला होता. माझं गाडं प्रोसेसर इंटेलचा घ्यावा की दुसऱ्या कंपनीचा रायझन, इथं अडलेलं पाहून म्हणाला, "घाई करू नका. दोन्हींचं नीट बघतो आणि संध्याकाळी फोन करतो. नंबर...?"

दिला की मी! एका दमात.

संध्याकाळी फोन आला. "खरं सांगू? तुमच्या कामाला दोन्ही पुरतात." झालं, विषय संपला ना? पण दुसऱ्या संध्याकाळी परत फोन. मग रोजच. त्याच्या मागं उसाच्या ट्रॅक्टरांवरची गाणी दणदणत असायची आणि तो ओरडून ओरडून प्रोसेसरच्या पोटातले कोअर समजावून सांगायचा.

"दोन्ही पुरतात, तर रोज फोन कशाला?" मी एकदा विचारलंच.

"खात्री... खात्री केलेली बरी असते," तो अडखळला. मी ओढणीत तोंड खुपसून हसले.

पण घरात वेगळंच शिजत होतं. मुक्ताआत्यानं स्थळ आणलं होतं, पुण्याचा इंजिनिअर. रविवारी दुपारी बघण्याचा कार्यक्रम. आणि अट काय, तर लग्नानंतर दुकान बंद! तात्या, म्हणजे माझे वडील, आत्याच्या शब्दाबाहेर नाहीत. ऋषिराजला सांगावं, तर तो कोअरच्या पुढं बोलेना. मी तरी काय सांगणार?

शनिवारी संध्याकाळी मागच्या अंगणात फोनवर मी निकाल देऊन टाकला. "ठरलं माझं. पहिल्याचं नाव मोठं, मान्य. पण मला दुसराच पसंत आहे. डोक्यानं थंड, खाणं कमी, कामाला वाघ! आणि पाच-सहा वर्षांनी कंटाळा आला, तर हाच काढायचा आणि नवा बसवायचा. बाकी बिऱ्हाड आहे तसंच!"

घरात तांब्या पडल्याचा आवाज झाला. मांजर असेल, म्हणून मी सोडून दिलं.

रविवारी सकाळी ऋषिराज तो प्रोसेसर घेऊन माझ्या दुकानात आला. दोन बोटांत अलगद धरून त्यानं तो बसवला. "जोर लावायचा नसतो," तो हळूच म्हणाला, "जागा बरोबर असली की आपोआप बसतो..."

मला राहवेना. "आज दुपारी मला बघायला येणारेत. जमलं, तर दुकान बंद."

स्क्रू-ड्रायव्हर जागीच थांबला. "मग प्रोसेसर एवढा निवडत का बसलात?"

"निवडून झालं असतं तर तुमचे... तुझे फोन बंद झाले असते!"

बोलून गेले आणि कानशिलं तापली. त्यानं तोंड उघडलं... आणि दारात तात्या!

"कुठं हाय त्यो दुसरा?"

"कोण दुसरा, तात्या?"

"थंड डोक्याचा! कमी खाणारा! काल समदं ऐकलंय मी. कंटाळा आला की काढून नवा बसवायचा म्हणं! अगं, आपल्यात असं चालतं व्हय?"

मला हसू आवरेना. ऋषिराजनं रिकामं खोकं तात्यांच्या हातात दिलं. "ह्यो बघा तात्या, दुसरा. काँप्युटरचा प्रोसेसर हाय."

तात्यांनी खोकं उलटंपालटं केलं आणि मटकन स्टुलावर बसले. "आरं देवा! आन मी मुक्ताबाईला सांगून आजचा कारेक्रम मोडला की! म्हणलं, पोरीनं ठरवलंय, तर पावण्यांना कशाला फसवा..."

मोडला! मला तर टेबलावर चढून नाचावंसं वाटलं. ऋषिराजनं तळहात पँटला पुसले. माझ्याकडं बघितलं. मी मान डोलावली, एवढीशी.

"तात्या..." तो म्हणाला, "मग ती जागा... रिकामी हाय म्हणायची का?"

तात्यांनी त्याला खालून वर न्याहाळलं. "पोरीला दुकान बंद कर म्हणशील?"

"न्हाय. तिचं दुकान चालावं म्हणून तर आलोय."

"मोबाइलवर गेमबिम खेळतोस का? हल्ली पोरं त्यात पार वाया जात्यात."

"न्हाय तात्या. रोजच्या वापराचा हाय मी."

तात्यांच्या मिशा थरथरल्या आणि ते खदखदून हसले. मग डोळे पुसत माझ्याकडं वळले. "आन काय गं, पाच-सहा वर्सांनी कंटाळा आला तर?"

"हा नाही बदलायचा, तात्या!" मी ओरडलेच.