मागे कोणी नाही

जहाजावर चढल्या चढल्या सगळ्यात आधी काय करायचं, याची भाचीने यादीच केली होती. मोबाईलवर बघून, आठवडाभर खपून. आधी जेवण, कारण दोननंतर जेवणघरात पाय ठेवायला जागा नसते. मग पोहण्याच्या तलावाकाठच्या दोन खुर्च्या टॉवेल टाकून अडवायच्या. मग मालिशवालीची वेळ ठरवायची. मावशीने चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणून यादी वाचली आणि परत दिली.

"छान आहे. दोन नंबरपासून सुरू कर," ती म्हणाली. "एक नंबर माझा."

भाचीला वाटलंच होतं. मावशीने बावीस वर्षं अशाच जहाजांवर खोल्या झाडल्या होत्या, चादरी बदलल्या होत्या, परक्यांच्या पोरांसाठी टॉवेलचे हंस करून ठेवले होते. प्रवासी म्हणून ती आज पहिल्यांदाच चढत होती. तीही आपल्या मनाने नाही. भाचीने परस्पर तिकिटं काढली, गळ घातली, शेवटी रडली, तेव्हा कुठे ती तयार झाली. गेली एकोणीस वर्षं टीव्हीवर समुद्र दिसला तरी मावशी उठून स्वयंपाकघरात जायची. पण या आईविना पोरीला तिनेच वाढवलं होतं, आणि तिला नाही म्हणणं मावशीला आजवर जमलेलं नव्हतं. जगात तिचं म्हणावं असं दुसरं होतं तरी कोण?

खोली बेताची होती. दोन पलंग, एक गोल खिडकी, कपाटात दोन जीवरक्षक जाकिटं. मावशीने ती काढून पट्टे ओढून बघितले. पलंगाखाली बोट फिरवून धूळही बघितली. जित्याची खोड.

"चल आता. इथून जिन्यापर्यंत. आधी डोळे उघडे ठेवून, मग मिटून."

"मिटून कशाला?"

"धुरात दिवे असून नसल्यासारखे. हात भिंतीवरच्या कठड्याला आणि दारं मोजायची. पाय चुकतात, हात चुकत नाही."

भाचीने कपाळाला हात लावला, पण निघाली. दुधाने तोंड पोळलेलं माणूस ताकही फुंकून पितं, हे तिला घरात राहून ठाऊक झालं होतं. तोंड नक्की कसं पोळलं, ते मात्र मावशीने कधी सांगितलं नव्हतं.

बाहेर लांबच लांब बोळ होता. निळा गालिचा, दोन्हीकडे पांढरी दारं, दारांना चपट्या मुठी. दुपारचे अडीच वाजले होते. लोक सगळे वर जेवायला गेले होते, त्यामुळे बोळात चिटपाखरू नव्हतं. डाव्या हाताला नऊ दारं, आणि शेवटी आग अडवायचं जाड लोखंडी दार, सोडलं की आपोआप मिटणारं. त्यापलीकडे जिना.

"नऊ आणि लोखंडी," मावशी म्हणाली. "पाठ कर."

दोघी परत खोलीपाशी आल्या. मावशी पुढे. भाचीने तिच्या उजव्या खांद्यावर हात ठेवला आणि दोघींनी डोळे मिटले.

जुन्या जहाजावर ही तालीम मावशी आणि तिच्याबरोबर खोल्या झाडणारी तिची मैत्रीण अशा दोघी करत. मावशी नेहमी पुढे, म्हणून ती मुंडी. दुसरी नेहमी सगळ्यांच्या मागे, म्हणून शेपूट. मधे प्रवाशांची रांग, प्रत्येकाचा हात पुढच्याच्या खांद्यावर. शेपूट मागून अंगठ्याने दोनदा दाबायची. 'आहे गं मी' अशी ती खूण. तो दाब एकेका खांद्यावरून मुंडीपर्यंत पोहोचला की मुंडी पाऊल उचलायची. आणि लोखंडी दाराशी आल्यावर मुंडीने विचारायचं, शेवटचं कोण? शेपटाने म्हणायचं, मी. मगच दार लावायचं.

मग एके दिवशी धुलाईखान्यात खरोखरच आग लागली. अकरा माणसं त्या दारातून मुंडीने हाताने ओढून बाहेर काढली. आतून धुराचा लोट आला. मग खोकला ऐकू आला. आधी दोन कोरडे ठसके, मग एक ओला, लांबलेला. मुंडीने काही विचारलं नाही. तिची पाचावर धारण बसली होती. तिने दार लावून घेतलं आणि माणसांना म्हणाली, चला, मागे कोणी नाही. पाण्याचे फवारे मारून आग विझवल्यावर शेपूट बोळात साचलेल्या पाण्यात सापडली.

चौकशीत ती म्हणाली, "तीनदा हाक मारली मी. मागे कोणी नव्हतं." सगळ्यांनी विश्वास ठेवला. वर शाबासकीचं पत्र दिलं.

"एक," मावशी म्हणाली. कठडा गार होता. दाराची चौकट आली की कठडा तुटायचा आणि बोटांना चपटी मूठ लागायची. "दोन." मागे भाची फिदीफिदी हसत होती. "तीन. हसू नकोस. चार."

सातव्या दाराशी हसणं थांबलं. नवव्याशी मावशीने हात पुढे केला, लोखंड चाचपायला. हाताला पुन्हा कठडाच लागला.

मोजण्यात चूक झाली असेल. वयही झालं. ती चार पावलं पुढे गेली आणि बोटांना एक मूठ लागली. गोल होती ती. पितळेची, कोमट.

मावशीच्या मनात पाल चुकचुकली. गोल मुठी जुन्या जहाजावर होत्या. तिथे तेरा दारं होती.

"दहा," ती हळूच म्हणाली. पायाखालचा गालिचा ओला लागत होता. जळक्या लोकरीचा वास येत होता. डोळे उघडावेत असं वाटलं, पण उघडले आणि तरीही काळोखच दिसला तर?

"मावशी…"

"चालत राहा. अकरा."

"मावशी, तुझ्या मागे मीच आहे ना?"

"हो. तूच."

"मग माझ्या खांद्यावर कुणाचा हात आहे?"

मावशीने कठडा घट्ट धरला.

"अंगठ्याने दाबतंय कोणीतरी," भाची कुजबुजली. "दोनदा… थांबून परत दोनदा…"

"डोळे उघडू नकोस. वळू नकोस. बारा." ती आता जवळजवळ ओढतच होती पोरीला. "तेरा."

हाताला लोखंड लागलं. मावशीने खांदा लावून दार ढकललं, भाचीचं मनगट धरलं आणि तिला आपल्या पुढून बाहेर लोटलं. बाहेरची गार हवा आली, पोरीने उन्हासाठी अंगाला लावलेल्या मलमाचा वास आला. पोर बाहेर पडली होती. मावशीचा जीव भांड्यात पडला.

"आले मी बाहेर," पलीकडून भाची म्हणाली. "तू ये ना. डोळे उघडू का?"

आता फक्त एक पाऊल टाकायचं होतं. दार आपलं आपण मिटलं असतं. एकोणीस वर्षांपूर्वी केलं तेच करायचं होतं, आणि या वेळी त्यात काही चूकही नव्हती.

मावशी दाराला पाठ लावून उभी राहिली. तिला शेपटाचं ते हसणं आठवलं, रात्रपाळीनंतर एकाच पलंगावर पाय दुमडून खाल्लेली बिस्किटं आठवली, आणि ते शाबासकीचं पत्र आठवलं, जे तिने ट्रंकेच्या तळाशी उपडं घालून ठेवलं होतं. तिला रडू फुटलं.

"शेवटचं कोण?" तिने विचारलं. असं तिने इतक्या वर्षांत पहिल्यांदाच विचारलं होतं.

बोळातून, अगदी जवळून आवाज आला.

"मी."

"चुकलं गं माझं," मावशी म्हणाली. "मी ऐकलं होतं तुला. ऐकून लावलं दार." तिने दार पायाने अडवलं आणि आत वाकून हात लांब केला. बोटांत बोटं आली. गार, सुरकुतलेली, फार वेळ पाण्यात राहिल्यासारखी. तिने ती घट्ट धरली आणि ओढली. "ये. तू जा पुढे. आधी तू."

ओली, ताठ बाही तिच्या गालाला घासून गेली. मावशीला आत अर्धं पाऊल सरकावं लागलं, वाट द्यायला. पाय दारावरून सुटला.

"आता शेवटची तू, मुंडी," कानाशी कुणीतरी म्हणालं.

दार मिटलं.

मावशीने डोळे उघडले. काळोख होता. तिने दार चाचपलं, ढकललं, मुठींनी बडवलं. लोखंड कोमट होतं आणि हलत नव्हतं. पलीकडचं बोलणं मात्र स्वच्छ ऐकू येत होतं.

"अगं मावशी, घाबरवलंस की मला," भाची म्हणाली. तिच्या आवाजात हसू आणि रडू दोन्ही होतं. "आणि हात किती गार पडलाय तुझा. बाही कशाने भिजली?"

"चल वर," मावशीच्याच आवाजात कुणीतरी म्हणालं.

"पण आपल्या मागे होतं ना कोणीतरी? दार वाजल्यासारखं वाटतंय."

"तीनदा हाक मारली मी," तो आवाज शांतपणे म्हणाला. "मागे कोणी नाही."

दोघींची पावलं जिना चढू लागली. मावशीने पोरीचं नाव घेऊन ओरडायला तोंड उघडलं, तोच धूर घशात गेला आणि तिला खोकला आला. आधी दोन कोरडे ठसके, मग एक ओला, लांबलेला.

तो खोकला तिने लगेच ओळखला. एकोणीस वर्षांपूर्वी, दाराच्या त्या बाजूला उभं राहून, तिने हाच ऐकला होता.