रिकाम्या खुर्चीची ऊब

"दादा, ती आत्ता आत गेली."

माईने फोन पुढे केला. फोन तिच्या मुलीचा, बाळीचा. पडद्यावर निरोप होता: नमस्कार, आपण आत आलात. काचखोली आपली वाटच पाहत होती.

मामांनी तो दोनदा वाचला. त्यांच्या भाचीला नदीने ओढून नेल्याला महिना उलटून गेला होता. होडी सापडली, टोपी सापडली. बाळी सापडली नव्हती.

"कधीपासून येतात हे निरोप?"

"हा फोन चालू केला तेव्हापासून. रोज दुपारी. सुटीचा दिवस सोडून." माईने फोन परत हातात घेतला. "सुटीच्या दिवशी ती तशीही कामावर जात नाही."

हे तिने इतक्या सहजपणे म्हटलं की मामांच्या अंगावर काटा आला.

पोर गेली, हे तिचं मन नुकतंच कुठे धरू लागलं होतं. या फोनने ते पुन्हा उसवलं. आता ती दुपारचं जेवत नव्हती. काल ती थेट बाळीच्या कामाच्या इमारतीत गेली आणि संध्याकाळपर्यंत दारापाशी बसून राहिली. मुलगी बाहेर येईल, मग दोघी मिळून घरी येऊ, असं तिने नवऱ्याला फोनवर कळवलं. त्या बिचाऱ्याने हात टेकले आणि मेहुण्याला बोलावून घेतलं.

मामांनी उभा जन्म विमा कंपनीसाठी आगींचा तपास केला होता. काळ्याठिक्कर घरात उभं राहायचं आणि पहिली ऊब कुठून आली ते हुडकायचं, हे त्यांचं काम. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती. पण बहिणीच्या घरात लागलेली ही आग त्यांच्याच्याने बघवेना.

"उद्या मी येतो तुझ्याबरोबर," ते म्हणाले. "ती असेल तर भेटू. नसेल तर काय आहे ते बघू."

*

एका मजल्यावर शंभर धंदे नांदत होते. कुणी जाहिराती लिहीत होतं, कुणी हिशेब तपासत होतं, कुणी घरबसल्या चपला विकत होतं. कुणाचं काही स्वतःचं नाही. मेज सामाईक, खुर्ची सामाईक, पाण्याची किटलीही सामाईक.

माईला मामांनी दारापाशीच्या सोफ्यावर बसवलं. मग ते व्यवस्थापकाकडे वळले. व्यवस्थापक तरुण होता, तरतरीत होता, पण डोळ्यांखाली काळं पडलं होतं.

इथलं सगळं एक यंत्र चालवतं, त्याने सांगितलं. दारं, दिवे, गार हवा, सफाईसुद्धा. माणूस इथे निव्वळ नमस्कार करायला ठेवलाय.

"मला आगीची भाषा कळते, यंत्राची नाही," मामा म्हणाले. "सोपं करून सांगा. खोली मिळते कशी?"

"फोनवरून नोंदवायची. मॅडमनी रोजची नोंद एकदाच करून ठेवलीय, ती आपोआप पुढे सरकते."

"आणि दार?"

"फोन टेकवून उघडतं. नाहीतर दारावर स्वतःचा चार आकडी क्रमांक दाबून."

"नोंदवली आणि कुणी आलंच नाही तर?"

"मेजाखाली एक बारकासा डोळा आहे. तो फोटो घेत नाही, फक्त ऊब बघतो. ऊब दिसली म्हणजे माणूस बसलाय. दार उघडलं नाही किंवा पाव तासात ऊब दिसली नाही, तर यंत्र खोली काढून घेतं, सफाईला निरोप धाडतं आणि रांगेतल्या पुढच्याला देतं."

"आमच्या पोरीची खोली काढून का घेतली नाही?"

व्यवस्थापकाने पाण्याचा घोट घेतला. "दार रोज तिच्या क्रमांकाने उघडतंय. मेजाखाली ऊब दिसतेय. यंत्राच्या मते मॅडम हजर आहेत."

"आणि तुमच्या मते?"

त्याने आवाज खाली आणला. एकदा तो धीर करून आत गेला होता. दिवा चालू, पडदे ओढलेले, आत चिटपाखरू नाही. त्याने खुर्चीवर हात ठेवला.

"गरम होती, साहेब. माणूस नुकताच उठून गेल्यासारखी."

तेव्हापासून बोळाच्या त्या टोकाला कुणी फिरकत नव्हतं. सफाईची बाई दारावरूनच हात जोडून परत जायची. बोळात कॅमेरा का नाही, असं मामांनी विचारलं. काम करताना कुणी बघत असलेलं सभासदांना खपत नाही, म्हणून फक्त मुख्य दाराशी लावलाय. सभासद बाहेरून येतात, कॅमेऱ्यात दिसतात. बाळी मात्र एकदाही दिसली नव्हती.

"तुम्हाला तुमच्या पडद्यावरून दार उघडता येतं?"

"येतं. क्रमांक लागत नाही, कुणाचा दिसतही नाही. तिथे माझं नाव उमटतं."

संशय कुणावर, हे त्याने न विचारताच सांगून टाकलं. रिसेप्शनवरच्या मुलीवर. बाळीचा फोन खोलीतच कोपऱ्यातल्या जुन्या प्लगला चार्जिंगला राहिला होता आणि घरी पोहोचेपर्यंत तो हिच्याच खणात होता. तिला कामावरून काढायचं जवळजवळ ठरलं होतं.

*

काचखोली सकाळी थंडगार होती.

एक मेज, एक खुर्ची, खुर्चीवर जाड गादी. मामांनी गादीवर तळवा टेकवला. थंड. मेजाच्या मधोमध एक झाकण होतं. व्यवस्थापकाने दाबलं तसं ते वर आलं आणि आत वीजजोडणी दिसली. ही मागच्याच आठवड्यात बसवली, फक्त बंद खोल्यांतून. इथे काम करताना सुतार सारखा मागे वळून पाहत होता.

पण मामा भिंतीकडे बघत होते.

भिंत काचेची होती आणि काचेवर नदी होती. निळ्या शाईत काढलेली, वळणावळणाने जाणारी, पात्रात जागोजागी पाणी किती खोल त्याचे आकडे. होडीवाल्यांना सुखरूप वाट मिळावी म्हणून बाळी आणि तिचा भागीदार असे नकाशे करत. एका वळणापाशी नदी अचानक थांबली होती. तिथे रेघ टेकवताना तोल सावरला असावा, कारण शाईने भरलेल्या डाव्या हाताचा अख्खा पंजा काचेवर उमटला होता.

करंगळी जराशी आत वळलेली. थेट माईसारखी.

मामांनी डोळे मिटून घेतले. क्षणभराने विचारलं, "हे पुसलं कसं नाही?"

"खोली सुटली की पहिल्यांदा काच पुसायची, असा नियम आहे," व्यवस्थापक म्हणाला. "पण ही खोली सुटलीच नाही."

*

रिसेप्शनवरची मुलगी आधी रडली, मग चिडली.

"काका, साहेबांना भुताचं भय नाही. भूत रांग मोडतंय, याचा राग आहे." तिने नाक पुसलं. फोनला कुलूप होतं, ती म्हणाली, आणि मिळाला तसाच तिने काकूंच्या हातात दिला. फोन सापडल्याचं घरच्यांशिवाय आणखी कुणाला सांगायचं होतं?

"त्या टोकाला कोण जातं?"

"कोणी नाही. किटली तिकडेच आहे, म्हणून नकाशेवाले तेवढे जातात. दुपारी भरपूर पाणी गरम करतात. चहाला मात्र शिवत नाहीत. महिनाभर घसा धरलाय म्हणे."

नकाशेवाला म्हणजे बाळीचा भागीदार. त्याची जागा बाहेरच्या मोठ्या दालनात, उघड्या मेजावर. मामांना पाहून तो उभा राहिला. बाळी हाक मारायची तशीच "मामा" अशी हाक मारली. आवाज खणखणीत होता.

मामांनी त्याला फार छळलं नाही. काम कसं चाललंय, जेवतोस की नाही, एवढंच विचारलं. मग सहज म्हणावं तसं म्हणाले, "त्या खोलीत जातोस का रे कधी?"

"नाही. त्या दिवसानंतर पाऊलच उचलत नाही."

मामांनी मान हलवली, फोन खिशातून काढला, चार्जिंग संपत आल्याची कुरकुर केली.

"खोलीतच लावा ना," नकाशेवाला म्हणाला. "मेजाच्या मधे झाकण आहे, दाबलं की वर येतं."

मामांनी आभार मानले आणि दारापाशी जाऊन माईशेजारी बसले.

दुपार झाली. माईच्या मांडीवरचा फोन उजळला. नमस्कार, आपण आत आलात. माईने केस सारखे केले, चेहऱ्यावरून हात फिरवला. लेकीला आई थकलेली दिसू नये म्हणून. मामांना ते पाहवेना. ते उठले आणि काचखोलीत गेले.

दिवा चालू. पडदे ओढलेले. आत कुणी नाही.

त्यांनी गादीवर हात ठेवला. गरम. अगदी जिवंत ऊब. मग पाठ टेकायच्या जागेवर हात फिरवला, खुर्चीच्या हातांवरही फिरवला. तिथे गारठा होता.

"माईला आण," त्यांनी रिसेप्शनवरच्या मुलीला सांगितलं. "आणि साहेबांना, नकाशेवाल्यालाही."

*

खोलीत पाच माणसं दाटीने उभी राहिली. माईची नजर फक्त रिकाम्या खुर्चीवर होती.

"माई, बस. आणि नीट ऐक," मामा म्हणाले. "बाळी इथे येत नाही. तिचं नाव येतं."

माई बसली नाही.

"हे यंत्र हुशार आहे, पण ते माणूस ओळखत नाही. त्याला एक क्रमांक लागतो आणि थोडी ऊब. बस्स. साहेबांना तिचा क्रमांक दिसत नाही; त्यांनी पडद्यावरून दार उघडलं असतं तर त्यांचंच नाव उमटलं असतं. या पोरीकडे फोन होता, पण दार फोनने उघडलेलं नाही, आकड्यांनी उघडलंय. म्हणजे बाळीने विश्वासाने आपला क्रमांक सांगितलेलं कुणीतरी."

मामा खुर्चीकडे वळले.

"आता ऊब. माणूस बसून उठला तर खुर्चीची पाठही कोमट होते, तिचे हातही. इथे फक्त बैठक गरम." त्यांनी गादीच्या खोळीची चेन ओढली आणि आतून रबरी पिशवी बाहेर काढली. पिशवीत पाणी डुचमळलं. "भूत नाही हे. शेकायची पिशवी आहे. रोज किटलीभर पाणी कोण तापवतं? ज्याचा घसा महिनाभर धरलाय, पण आवाज घंटेसारखा आहे, तो."

नकाशेवाल्याने मान खाली घातली.

"खोलीत पाऊल टाकलं नाहीस म्हणालास. मग हे झाकण कसं माहीत? बाळी गेल्यावर बसलंय ते. बाहेर तुझ्या मेजाला असं काही नाही."

मग त्याने मान वर केली. बोलला तेव्हा माईकडे पाहून बोलला.

"काकू, फोन तिच्याबरोबर नदीत गेला, असंच मला वाटत होतं. तुम्हाला निरोप जातात हे ठाऊक असतं तर मी हात तोडून घेतला असता."

"पण का?" हे व्यवस्थापकाने विचारलं.

नकाशेवाल्याने काचेकडे बोट केलं. "खोली सुटली असती तर तुमच्या यंत्राने हे पुसायला माणूस धाडला असता. माझ्या नावावर मागितली होती मी. रांगेत शेवटी टाकलं मला. त्या दिवशी पाण्यावर मी जायचो होतो, काकू. ती म्हणाली, तू झोप, तुला ताप आहे. तेवढाच पंजा उरलाय तिचा. तो फडक्याने पुसला गेला असता, आणि यंत्राने लिहिलं असतं, खोली स्वच्छ झाली."

देवाने माणसाला मन दिलं आणि त्या मनाला हरण्याची ताकद द्यायला तो विसरला की काय, असं मामांना वाटून गेलं. त्यांना या पोराचा राग येत नव्हता. त्याने एक पंजा वाचवला होता आणि न कळत एका आईला दारात बसवलं होतं.

माई काचेपाशी गेली. तिने पंजाला हात लावला नाही. आत वळलेली करंगळी तेवढी जवळून पाहिली. किती तरी वेळ पाहिली. तिचे खांदे हलू लागले तेव्हा रिसेप्शनवरच्या मुलीने तिला मागून धरलं. महिनाभरात माई पहिल्यांदा रडत होती.

शांत झाल्यावर ती व्यवस्थापकाला म्हणाली, "ही खोली याच्या नावावर करा. रांग बाजूला ठेवा." सूर विनंतीचा नव्हता. व्यवस्थापकाने मुकाट्याने मान हलवली. मग दाराशी उभ्या मुलीकडे बघून पुटपुटला की खणाच्या किल्ल्या तिच्याकडेच असू देत.

माईने नकाशेवाल्याला जवळ बोलावलं. "नदी पुरी कर," ती म्हणाली. "होडीवाले वाट बघत असतील. आणि बाबा रे, तिला रोज बोलावू नकोस. येता येत नाही तिला."

त्याने तिच्या पायांना हात लावायला वाकू पाहिलं. तिने त्याला मधेच धरलं आणि त्याचं कपाळ चाचपलं, ताप आहे का ते बघायला.

बाहेर ऊन कलत होतं. माई मामांच्या हाताला धरून पायऱ्या उतरली.

"दादा, तुला सांगितलं नाही मी," ती म्हणाली. "महिना झाला, रात्री दाराला कडी लावत नाही. ती उशिरा आली तर हाक मारायला नको, म्हणून."

मामांनी तिचा हात घट्ट धरला.

"आज ह्यांना सांगते," माई म्हणाली. "कडी लावून झोपू."