सगळ्या रेघा त्याच्याकडे

विश्वास ठेवा किंवा ठेवू नका, पण हे पुण्यात खरोखर घडलं. २००१ची दिवाळी, लक्ष्मीपूजनाची दुपार. ज्याच्यावर बेतलं, तो उत्तरेश्वर आमच्या नात्यातला.

तो रेडिओ दुर्बिणीच्या संशोधन केंद्रात होता. आकाशातून येणाऱ्या रेडिओ लहरी कोणत्या दिशेनं थरथरतात, ते चित्रात बारीक रेघांनी दाखवायचं, हे त्याचं काम. चित्रं धूसर यायची. ती स्वच्छ करायची रीत त्याची सहकारी कौशल्या हिनं शोधली. वर्षानुवर्षं खपून.

आणि काविळीनं गेली.

हॉस्पिटलात तिनं त्याचा हात धरला होता. "माझं काम माझ्या नावानं छापा."

"अहो, हे काय सांगायला हवं?"

शोधनिबंध छापून आला. नाव एकट्या उत्तरेश्वरचं.

त्या दुपारी केंद्रात चिटपाखरूही नव्हतं. बाहेर फटाके वाजत होते. त्यानं एका आकाशगंगेचं चित्र करायला घेतलं.

अचानक फटाके थांबले...

पंख्याचाही आवाज येईना. पंखा मात्र फिरत होता.

पडद्यावर चित्र उमटलं. रेघा चहूदिशांना हव्या होत्या. पण एकूण एक रेघ त्याच्यावर रोखलेली.

त्यानं खुर्ची डावीकडे सरकवली.

रेघाही डावीकडे वळल्या...

मागे कौशल्याचं रिकामं टेबल. तिथून आवाज आला. शांत, ओळखीचा.

"छान आलंय हो. कुणाचं म्हणायचं हे?"

चपला तिथेच टाकून तो पळाला. वारज्याला घरी पोचल्यावर बायकोला, नम्रताला, सगळं सांगितलं.

तिनं हातातली पणती खाली ठेवली. मग म्हणाली, "मेलेल्या बाईला फसवलंत? आधी तिचं नाव द्या."

त्यानं दिलं. चारचौघांत चोरी कबूल केली. अब्रू गेली, नोकरीही गेली. एका आयटी कंपनीत तो बँकांचं सॉफ्टवेअर लिहू लागला. तिथे चित्रं नव्हती.

वर्षभर सगळं शांत.

मग त्याचं डोकं दुखायला लागलं. सदाशिव पेठेतल्या डॉक्टरांनी मेंदूचा स्कॅन काढायला लावला. फिल्म उजेडापुढे धरली आणि...

"हललात का हो?"

"नाही."

पुन्हा काढला. तेच. फिल्मभर बारीक रेघा. चहूबाजूंनी आत, मेंदूच्या मधोमध एका ठिपक्याकडे निघालेल्या.

"मशीन बिघडलेलं दिसतंय," डॉक्टर म्हणाले.

मशीन ठणठणीत होतं. त्याच्या आधीच्या आणि नंतरच्या पेशंटचे स्कॅन स्वच्छ आले.

"नाव दिलं, माफी मागितली," नम्रता अजूनही म्हणते. "आणखी काय हवंय तिला?"

उत्तरेश्वर कपाळ दाबत राहतो.

ठणका रोज थोडा आत सरकतोय, एवढंच त्यानं परवा सांगितलं...