अर्धवट वेण्या

कॉर्डेल मिस अर्लीनच्या दुकानात पहिल्यांदा शिरला तो मोजे विकायला. अमेरिकेतल्या मेम्फिस शहराच्या ऑरेंज माउंड भागात केस विणायच्या दुकानांत अशी ये-जा चालूच असते. कुणी अत्तर आणतं, कुणी घरचा रताळ्याचा केक.

"सहा जोड पाच डॉलर! आणि वर माझ्या रॅपची सीडी फुकट!"

"आणि सीडी नको असेल तर?" गिऱ्हाइकाची वेणी न सोडता तिथे काम करणाऱ्या रोनेशानं विचारलं.

"तर सहा डॉलर."

सगळं दुकान हसलं. रोनेशाही हसली, आणि आपण का हसलो म्हणून स्वतःवरच चिडली.

मग तो दर दुसऱ्या बुधवारी वेण्या घालून घ्यायला येऊ लागला. डोक्यालगतच्या बारीक वेण्या, चांगलं तीन तासांचं काम. केस विणणारीपाशी लोक मन मोकळं करतात. इथे मात्र उलटी गंगा वाहिली. तो डोळे मिटून बसायचा आणि बोलायची ती. मध्येच तो नुसतं "मग?" म्हणायचा... आणि ती आणखी सांगायची. आईलाही न सांगितलेलं तिनं एकदा त्याला सांगून टाकलं — ती नऊ वर्षांची असताना बाप ज्या पांढऱ्या ट्रकमधून निघून गेला, तसा ट्रक आज तेविसाव्या वर्षीही सिग्नलला दिसला की ती आत डोकावून बघते.

त्याची स्वतःची गाणी म्हणजे सोन्याच्या साखळ्या आणि लांबलचक गाड्या. त्याच्या खऱ्या गाडीचं एक दार हिरवं, बाकी सगळी करडी!

"कसं आहे गाणं?"

"खोटं आहे. काही खरं असेल तर ते गा."

"लागलं हं..."

"लागू दे. वेणीसुद्धा जरा ओढल्याशिवाय बसत नाही."

ऑगस्टमध्ये बागेत वस्तीचा मेळा होता. शनिवारी अटलांटाच्या एका गाण्यांच्या कंपनीचा माणूस तिथे ऐकायला येणार होता. सात वर्षं गाडीच्या डिकीतून सीडी विकणाऱ्या कॉर्डेलला अशी संधी पहिल्यांदाच मिळत होती. आधीच्या बुधवारी त्याचं अर्धं डोकं विणून झालं असताना तो म्हणाला, "नवीन ऐक," आणि हलक्या आवाजात सुरू झाला.

पांढरा ट्रक. सिग्नलवरची मुलगी. नऊ वर्षांची.

मिस अर्लीननं डोळे पुसले. रोनेशाचा हात थांबला. गाणं सुंदर होतं... तीच तर पंचाईत होती.

"हे माझं आहे."

"तुझं नाव कुठे घेतलंय?"

"नाव न घेता केलेली चोरी चोरी नसते का?"

"तूच म्हणालीस, खरं गा—"

"तुझं खरं! माझं नाही!"

"माझ्या आयुष्यात खरं असं..." तो अडखळला. "तूच आहेस, रोनेशा."

आता याला काय म्हणावं? एक ठेवून द्यावीशी वाटत होती, आणि तेच वाक्य पुन्हा ऐकावंसंही वाटत होतं. शेवटी तोंडातून निघालं ते असं — "ऊठ. आणि शनिवारी ते गायलास तर मला तोंड दाखवू नकोस."

तो गेला. डावीकडे वेण्या, उजवीकडे मोकळं जंगल.

"शेजारच्या दुकानातली त्याच्या वेण्या फुकटात पुऱ्या करून देत होती," दोन दिवसांनी मिस अर्लीननं बातमी आणली. "तर म्हणतो, माझ्या डोक्याला रोनेशाशिवाय कुणाचा हात लागणार नाही."

"येडा आहे."

"ते आहेच गं पोरी. पण तुझा कंगवा का पडला?"

शनिवारी मेळ्याला आपण तळलेल्या माशासाठी चाललोय, असं रोनेशानं स्वतःला बजावलं. कॉर्डेल त्याच अर्ध्या डोक्यानं मंचावर चढला आणि लोक खो खो हसले. ठेका सुरू झाला. तिनं तो ओळखला: पांढऱ्या ट्रकचं गाणं. अटलांटावाला खुर्चीत पुढे सरकला.

कॉर्डेलनं ठेका वाजवणाऱ्याकडे बघून हात वर केला. "बंद कर, भाऊ. हे माझं नाही. जिचं आहे तिनं दिलेलं नाही."

आणि तो आपलं जुनंच, सोन्याच्या साखळ्यांचं गाणं गायला. दुसऱ्या कडव्याला अटलांटावाला उठून खायच्या रांगेत गेला.

रोनेशानं कॉर्डेलला त्याच्या गाडीपाशी गाठलं. "डोकं फिरलंय का तुझं? केवढं गाणं होतं तुझ्याकडे!"

"माझ्याकडे नाही. तुझ्याकडे होतं."

"तो माणूस गेला, कॉर्डेल!"

"दिसलं. असा दुसरा येईल कधीतरी. तू गेली असतीस तर दुसरी कुठून आणणार होतो?"

ती भांडायला आली होती. आता डोळे भरून आले, आणि त्याचाही तिला राग आला.

"मला काही कळेनासं झालंय," ती म्हणाली. "तू गायला नाहीस म्हणून चीड येतेय. गायला असतास तर जन्मात माफ केलं नसतं. आणि तू मला हवा आहेस... हे कुठल्या हिशेबात बसतं ते तूच सांग."

मोज्यांपासून गाण्यांपर्यंत काहीही खपवणारा तो माणूस गाडीचं हिरवं दार उगाच उघडून पुन्हा लावू लागला.

"गाण्याचं पुढे बघू," ती म्हणाली. "उद्या चर्चनंतर घरी जेवायला ये. आधी सकाळी दुकानात ये, या अवतारात आई तुला दारातसुद्धा उभं करणार नाही. आणि ती विचारेल, हा कोण?"

"मग... काय सांगू?"

"ते तू ठरव. मी शेजारीच बसलेली असेन, मलाही ऐकायचंय. यमक जुळलं नाही तरी चालेल."