ठमाबाई वाफ का सोडते?

"गळती! दोन्ही बाजूंनी गळती!" चोख नावाचा तपासनीस यंत्रमानव कडाडला. "इंजिन नापास. उद्यापासून संग्रहालयात, काचेमागे!"

साल होतं २०६१. सगळ्या गाड्या हायड्रोजनवर धावत. करंजखिंडीच्या पर्यटक गाडीला मात्र अजून कोळसा खाणारी ठमाबाईच जुंपलेली. आज तिची वार्षिक परीक्षा. आणि निघता निघताच तिच्या चाकांजवळून वाफेचे फवारे सुटले.

तेरा वर्षांच्या ऊर्मीने इंजिनातून खाली उडी मारली. "गळती काय म्हणतोस? आत्यानं मुद्दाम सोडलीय!"

"वाफ गाडी ओढते. मग ती फुकट का घालवायची? कॉक (सिलिंडरखालच्या तोट्या) बंद करा."

"मुळीच नाही!" चालक सुमनआत्या वरून गरजली. "ठमीच्या बरगड्या मोडायच्यात का? ऊर्मे, दाखव गं त्याला!"

ऊर्मीने तेल घालायची रिकामी सिरिंज उचलली. "भाताच्या झाकणाला आतून थेंब जमतात, माहितेय?"

"मी भात खात नाही."

"अरेरे! तर ऐक. गरम वाफ गार धातूला लागली की संघनन होतं (वाफेचं पुन्हा पाणी होतं). रात्रभर गार पडलेल्या सिलिंडरमध्ये (दट्ट्या ज्यात मागेपुढे सरकतो त्या नळकांड्यात) सकाळी हेच होतं. आता ही सिरिंज धर. आत हवा आहे. तोंड बोटानं बंद कर आणि दाब."

दट्ट्या सर्रकन अर्ध्यापर्यंत गेला.

"हवा दबली." ऊर्मीने सिरिंजमध्ये पाणी ओढून ती परत दिली. "आता पाणी भरलंय. दाब!"

दट्ट्या हलेना.

"एवढाच दम?"

चोखने जोर लावला. फटाक्! सिरिंज फुटली, पाणी थेट त्याच्या डोळ्यांवर.

"पाणी जवळजवळ दबतच नाही, बाबा! ठमीचा दट्ट्या तर केवढा दांडगा. पाण्याला वाट दिली नाही तर तो सिलिंडरच फोडेल. म्हणून आधी कॉक उघडे. सिलिंडर तापला, पाणी गेलं, की बंद."

"माझ्या नियमांत फक्त हायड्रोजनच्या गाड्या आहेत," चोख पुटपुटला.

"मग नियम नापास!"

"तापल्यावरही फवारे उडाले, तर इंजिन नापास."

"कबूल!"

ठमाबाई हलली. आधी थुंकल्यासारखं पाणी उडालं, मग नुसती कोरडी वाफ. आत्याने कॉक बंद केले. फवारे थांबले. छुक... छुक... छुकछुक! ठमाबाई खिंड चढू लागली.

चोखचा दिवा हिरवा झाला. "नियम दुरुस्त केला."

"शाब्बास! आता मी चालवायला शिकणार."

"चालकाचं वय अठरा लागतं."

"लागू दे की! मी काय तेरावरच थांबणारेय?" म्हणत ऊर्मी धावत्या ठमाबाईच्या पायरीवर चढलीसुद्धा.