उत्तरेकडची घोंगडी

एकोणीस वर्षांत मी साडेतीन हजारांवर उल्का कागदावर उतरवल्या आणि त्यांतली एकही पाहिली नाही. ज्यांनी सरकारी कार्यालयात आयुष्य काढलंय, त्यांना यात नवल वाटणार नाही.

दोष धम्मपालचा. आम्ही दोघे आवक-जावक विभागात समोरासमोर बसायचो. जावक त्याच्याकडे, आवक माझ्याकडे. जे येईल त्याची नोंद करायची, का आलं ते विचारायचं नाही, एवढं एक शिक्षण मला त्या टेबलानं दिलं. धम्मपालला आकाशाचं वेड होतं. डिसेंबरात तेरा-चौदाच्या रात्री मिथुन राशीतून उल्का पडतात. त्या मोजायला तो सिन्नरच्या पुढे एका उघड्या माळावर जायचा आणि मला लेखनिक म्हणून ओढून न्यायचा.

पद्धत त्यानं ठरवलेली. चार दिशांना चार घोंगड्या, डोकी मध्याशी, पाय बाहेर. मधोमध स्टुलावर मी, हातात वही, टॉर्चला लाल पतंगी कागद गुंडाळलेला. ज्याला उल्का दिसेल त्यानं फक्त आपली दिशा उच्चारायची आणि मी वेळ टिपायची. नियम दोन. लिहिणाऱ्यानं वर पाहायचं नाही, पाहणाऱ्यानं दिव्याकडे पाहायचं नाही. अंधाराला डोळे सरावायला वीस मिनिटं लागतात आणि बिघडायला एक क्षण पुरतो.

उत्तर धम्मपालची असे. तिकडे सिन्नरच्या कारखान्यांचा उजेड, त्यामुळे आकाश ताकासारखं पांढुरकं. "वाईट टेबल साहेबानं स्वतःकडे ठेवावं," तो घसा खाकरून म्हणायचा. असा साहेब मला उभ्या नोकरीत भेटला नाही. वारा वहीची पानं उडवू नये म्हणून मी उत्तरेकडे पाठ करून बसत असे.

एकोणिसाव्या वर्षी माळावरून परतताना तो म्हणाला, "पुंजा, पुढच्या वर्षी तू बघ. मी लिहितो."

"तुझं अक्षर वाचायला कोण आणायचा?" मी म्हणालो.

ऑगस्टमध्ये तो गेला. दवाखान्यात त्यानं मुलीकडून, चैतालीकडून, एकच गोष्ट कबूल करून घेतली होती. विसावा तक्ता पुरा करायचा. चारही दिशांची नोंद नसेल तर तो स्वतःच तक्ता फाडून टाकायचा, हे तिला माहीत होतं. म्हणून गेल्या डिसेंबरात आम्ही माळावर गेलो. चैताली, तिचा नवरा रवी, सातपूरच्या कारखान्यातला रवीचा जोडीदार शेखर, आणि मी. पाचवा म्हणून ज्याला सांगितलं होतं, त्यानं ऐनवेळी फोन बंद ठेवला.

"उत्तर कोरी सोडा, काका," चैताली म्हणाली. तिचा चेहरा दिसत नव्हता, पण हे म्हणणं तिला किती जड गेलं ते आवाजावरून कळलं. तरीही सवयीनं तिनं बापाची घोंगडी माझ्या पाठीमागे, उत्तरेला अंथरली.

अकरा वाजता मोजणी सुरू झाली. गुरू मिथुनेतच होता म्हणे. मी अर्थात पाहिला नाही. वारा पडलेला. ओल्या गवताचा आणि कुठल्यातरी विझलेल्या शेकोटीचा वास येत होता. लांबून टिटवी दोनदा ओरडली, मग तीही गप्प झाली.

"दक्षिण."

"पूर्व."

"पश्चिम... दक्षिण."

मी लिहीत गेलो. हात चालायला लागला की माझं डोकं रजेवर जातं, ही माझी जुनी ख्याती. बारा वाजता लाल उजेडात मी बेरीज वाचून दाखवली. "पूर्व अकरा. पश्चिम नऊ. दक्षिण चौदा. उत्तर सतरा."



"काका," चैताली हळूच म्हणाली, "उत्तरेला कोणी नाहीये."

मी वही पाहिली. सतरा वेळा, सेकंदांसह, माझ्याच अक्षरात. आवक-जावकचं शिक्षण. आवाज आला, नोंद केली.

"रवी, तू बोललास?"

"मी कशाला बोलू? मला तिकडचं दिसतंय कुठे?"

"शेखर?"

"नाय बा." त्यानं कानटोपी खाली ओढली. "मी तर तुम्हीच म्हणताय असं धरून चाललो होतो, पुंजाराम भाऊ."

चैतालीनं विचारलं, "आवाज कसा होता?"

मी आठवून पाहिलं. "आधी घसा खाकरल्यासारखा... मग उत्तर."

ती गुडघ्यांवर सरकत घोंगडीपाशी गेली. आमच्या सगळ्या सामानावर दंव पडलं होतं. थर्मासवर, स्टुलाच्या पायांवर, पिशव्यांवर. घोंगडीच्या लोकरीवरही बारीक पांढरे थेंब उभे होते. तिनं हात फिरवला आणि तो मधेच थांबला.

"इथं कोरडं आहे..."

मी टॉर्च धरली. एक माणूस लांबीची, खांद्याशी रुंद आणि पायांकडे निमुळती जागा, खडखडीत कोरडी. नोकरीत भिजत घोंगडी मी पुष्कळ पाहिली. कोरडी घोंगडी पाहून घाम फुटायची ती पहिलीच वेळ.

"चला निघू," रवी म्हणाला. "चैताली, ऊठ. पोरगी घरी वाट बघत असेल."

"संजना आजीजवळ आहे. दोन तास राहिलेत." ती उठली नाही. "चंद्र उगवेपर्यंत मोजायचं. बाबांनी कबूल करून घेतलंय."

"अगं, बाबा असते तर त्यांनीच..."

"बाबांनी काय म्हटलं असतं ते मला माहितीये. म्हणाले असते, आधी मोजा, मग घाबरा."

हे खरं होतं. धम्मपालचा भुताखेतांवर काडीचा विश्वास नव्हता. मेल्यावर त्याचं मत बदललं असेल असंही मला वाटत नाही.

मी वही, पेन आणि टॉर्च स्टुलावर ठेवली. "उत्तर मी घेतो. लिहायचं राहू दे. दिसली की दिशा म्हणायची आणि एक खडा खिशात टाकायचा. वेळा नसल्या तरी आकडे मिळतील."

हे मी शौर्यानं केलं असं समजू नका. पोरीचा तक्ता तुटत होता आणि मित्राला मी कधी कशाला नाही म्हटलं नव्हतं. मी त्या कोरड्या जागेत आडवा झालो. ती थंड नव्हती. टॉर्च विझवायची राहून गेली. पण गुडघे धरून एकदा आडवा झालेला माणूस तेवढ्यासाठी उठत नाही.

मग मी वर पाहिलं. त्या पांढुरक्या आकाशातून एक रेघ सरळ खाली आली, हिरवट, सावकाश, आवाज न करता. बासष्ट वर्षांच्या आयुष्यातली माझी पहिली उल्का. कसाबसा म्हणालो, "उत्तर."

डोक्यामागे, हातभर अंतरावर, पेनाचं टोपण निघालं. कागदावर पेन खरखरलं. मग थांबलं.

"दक्षिण," चैताली म्हणाली. खरखर.

"पूर्व..." रवीचा आवाज चिरकला. खरखर.

"चैताली," तो कुजबुजला, "तिथं कोण..."

"दिव्याकडे बघू नका," ती म्हणाली. ती रडत होती, पण आवाज ठाम होता. "कोणीच बघू नका."

आम्ही पाहिलं नाही. मी नियम पाळला असं सांगायला मला आवडेल. खरं म्हणजे माझी मान वळत नव्हती. दोन तास मी आकाश पाहिलं, दिशा उच्चारली, खडे खिशात टाकले, आणि माझ्या टाळूपाशी कोणीतरी इमानेइतबारे नोंदी करत राहिलं. एकदा पान उलटल्याचा आवाज आला. एकदा घसा खाकरल्याचा.

दोन वाजता पूर्वेला चंद्राची कोर वर आली. उठून वळलो तेव्हा स्टुलावर वही मिटलेली होती आणि पेनाला टोपण लावलेलं होतं.

गाडीच्या दिव्याखाली आम्ही खडे मोजले. माझे सव्वीस. वहीत बारा ते दोनमध्ये उत्तरेच्या नोंदी सव्वीस. तिघांचेही आकडे जुळले. अक्षर डावीकडे झुकलेलं, नऊचा आकडा गळासारखा वळलेला. तो नऊ मी तीस वर्षं जावक रजिस्टरात पाहिला होता.

"झाला पुरा," चैताली म्हणाली. तिनं तक्त्याचे फोटो काढले आणि वही माझ्या हातात दिली. घोंगडीही दिली. "तुमच्याकडेच ठेवा, काका."

घरी येऊन मी पान उलटलं. माळावरून निघण्याआधी पुढच्या वर्षीचं पान आखून ठेवायची धम्मपालची सवय होती. पान आखलेलं होतं. पूर्व रवी. पश्चिम शेखर. दक्षिण चैताली. उत्तर धम्मपाल. लेखनिक संजना.

माझं नाव कुठेच नव्हतं. बदलीच्या यादीत नाव नसलं की आम्ही पेढे वाटायचो. त्या दिवशी मी पुन्हा पुन्हा खालून वर वाचत बसलो. ते पान मी कोणाला दाखवलं नाही.

आता पुन्हा डिसेंबर लागलाय. माझी प्रकृती उत्तम आहे. परवाच सगळ्या तपासण्या केल्या आणि डॉक्टर म्हणाले, तुम्ही आमचा धंदा बुडवाल.

काल चैतालीचा फोन आला. "काका, संजना हट्टाला पेटलीये. यंदा वही मीच लिहिणार म्हणते. तुम्हाला राग नाही ना येणार? तुम्ही आरामात वर बघा."

"लिहू दे की," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

माळावर न्यायची म्हणून घोंगडी गच्चीवर उन्हात टाकली होती. काढायची विसरलो. मी आपल्या खाटेवर झोपलो, दार आतून लावून. आज सकाळी वर गेलो तर ती दंवानं पांढरी झालेली. मधे दोन जागा तेवढ्या कोरड्या होत्या, शेजारी शेजारी. एक दुसरीपेक्षा जरा लांब.

धम्मपाल माझ्याहून चार बोटं उंच होता.